लाइट गेली की उघडणारं दार

पर्वत पाटियाजवळच्या एका कारखान्यात आम्ही बाया साड्यांना टिकल्या चिकटवतो. साड्या चोरीला जाऊ नयेत म्हणून शेठ आम्हाला आत घेऊन बाहेरून कुलूप लावायचा. यंदा त्यानं बोट टेकवून उघडायचं दार बसवून घेतलं. बसवणाऱ्या माणसाचं नाव विचारायचंच राहिलं.

स्क्रू ओठांत धरूनच तो बोलायचा, निम्मं कळायचं नाही. काम झाल्यावर त्यानं आम्हाला आत उभं केलं, दार लावलं आणि आतला मेन स्विच पाडला. गुडुप अंधार.

"कोंडलं वं माय आपल्याला," माझी जाऊ ओरडली.

"ताई, जरा ढकला तर," तो म्हणाला.

मी नुसतं एका बोटानं ढकललं आणि दार सरळ उघडलं. वीज असते तोवरच चौकटीतला चुंबक त्याला धरून ठेवतो.

स्क्रू तोंडातून काढून, शेठला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "आत येणाऱ्यानं विचारावं. बाहेर जाणाऱ्यानं कोणाला कशाला विचारायचं?"

मग काय, शेठ वैतागेपर्यंत आम्ही पाळीपाळीनं स्विच पाडून दार ढकलत राहिलो.

जुनं कुलूप शेठनं साड्यांच्या कपाटाला लावलंय. ते आधीपासून तिथंच हवं होतं.