रुतलेली वार

राजनंदिनी मूळची वाशिमची. नवरा दिग्विजय कारखान्यात लागला तेव्हा पुण्याजवळ मांजरीला आली आणि घरीच ब्लाउज शिवू लागली. थोरली स्पृहा सिझरनं झालेली. आता पाच वर्षांनी पुन्हा दिवस गेले होते.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत वार, म्हणजे बाळाला पोसणारी नाळेची गादी, खाली दिसली होती. सरकेल वर, असं सगळे म्हणाले. सातव्यात माहेरी जायचं ठरलं, तिकिटं काढली. निघण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून दोघं सदाशिव पेठेत डॉक्टर वल्लरी साने यांच्याकडे गेली. डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्यावर बराच वेळ एकाच जागी बघत राहिल्या.

"बाळ ठीक आहे ना?" राजनंदिनीनं विचारलं.

"बाळ ठीक आहे, वार ठीक नाही. जुन्या टाक्यांवर बसून गर्भाशयात रुतलीय. बाळंतपणात सुटणार नाही, आणि ओढली तर रक्त थांबणार नाही. गर्भाशयच काढावं लागेल. तेही मोठ्या रुग्णालयात, रक्ताची सोय करून."

"पण हिला काहीच त्रास नाही," दिग्विजय म्हणाला. "गावाकडे..."

"अवश्य जा. परतीचं तिकीट मात्र एकाचंच काढा."

आईचा फोन आला. "तुह्या वक्ताले कोनं पायलं होतं आत? काई होत नाई, ये तू."

राजनंदिनी सत्तावीस वर्षांची होती. पुन्हा मूल होणार नाही, हे दोन दिवस तिच्या गळ्याखाली उतरेना. तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "तिकिटं रद्द करा."

आठवा लागला. एका सकाळी स्पृहाची वेणी घालताना राजनंदिनीचे पाय ओले झाले. दुखलं काहीच नाही. खाली पाहिलं तर फरशीवर रक्त. दिग्विजयनं रिक्षा बोलावली. मोठ्या रुग्णालयात नाव आधीच नोंदवलं होतं; तिची फाईल तयारच होती, कुणी प्रश्न विचारत बसलं नाही. संमतीच्या कागदावर सही तिनंच केली.

नऊ बाटल्या रक्त चढवलं. गर्भाशय काढलं. मुलगा झाला, सव्वा किलोचा. तिसऱ्या दिवशी काचेच्या पेटीतच त्यानं प्राण सोडला. तिनं त्याला पाहिलं ते कापडात गुंडाळल्यावरच.

चौथ्या दिवशी तिला दूध आलं. नर्स यमुनाबाई खाली मान घालून म्हणाल्या, "दूधपेढीला द्याल का? लागणारी बाळं आहेत इथं."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "घ्या."

घरी सोडेपर्यंत ती रोज दूध काढून देत राहिली. ते कुणाच्या बाळाला जातं, हे तिनं कधी विचारलं नाही.