बोलायचं असन तं पात धर

फोन कानाशी धर, पोरी; कॉलेजात लोकांशी बोलण्याचंच शिक्षण घेऊन राह्यली अन् आजीले महिना महिना फोन नाई, हे कोणतं शिक्षण वो? आज पिंजाऱ्यानं अंगणात माझी गादी उसवली, जुन्या कापसाचा वास नाकात शिरला अन् मले वडनेरचं वावर आठवलं. बालवाडीची बाई व्हायचं म्हणून मीही वर्ध्याले बोलणंच शिकली होती: समोर उभं राहायचं, चित्रांचा तक्ता दाखवायचा, लेकरं बालवाडीत का धाडायची ते मोठ्यानं समजावून सांगायचं. पण वडनेरले नेमणूक झाली अन् तिथं तक्त्यापुढं एकही बाई थांबेना. लेकरं आली नाई तर बालवाडी बंद अन् माझी नोकरी खलास, असं आमच्या वरच्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं. कापूस वेचणीचे दिवस होते, म्हणून मी तक्ता घेऊन सरळ वावरातच गेली अन् धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून सुरू झाली. एक म्हातारी मान वर न करता म्हणाली, "बाई, आमचं काम मांगं पडून राह्यलं. बोलायचं असन तं पात धर!" साऱ्याजणी खदखदून हसल्या. मी तक्ता बोरीखाली ठेवला, लुगड्याची ओटी बांधली अन् तिच्या शेजारची पात, म्हणजे कापसाच्या झाडांची ओळ, वेचायले धरली. बोंडांनी बोटं ओरबाडली, पण गोष्टी मात्र रंगल्या. माझी ओटी कापसानं भरत आली तेव्हा तिनंच विचारलं, "माही नात दिवसभर धुऱ्यावर रडते. तिले घेशीन का?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती नातीले घेऊन बालवाडीच्या दारात, अन् तिच्या मांगं आणखी चौघीजणी आपापली लेकरं घेऊन! तुझ्या पुस्तकात हे असन का नसन, मले मालूम नाई. गादी मऊ झाली आहे. लवकर येजो, या बारीले तू बोल, मी ऐकते.