वणव्यानंतरची फक्की

मार्चमध्ये चाकणजवळची आमची टेकडी जळाली. नवं गवत चांगलं यावं म्हणून कुणी पेटवली, की जागा मोकळी दिसावी म्हणून, ते कळलं नाही. प्रत्येक घराचा संशय दुसऱ्या घरावर होता.

टेकडी वडिलांची आणि चुलत्यांची सामाईक. वाटणी झालेली नाही. पायथ्याशी विहीर आहे. मळ्यातली सहाही घरं तिचंच पाणी पितात.

एप्रिलमधल्या एका सकाळी काळ्या उतारावर पांढऱ्या रेघा दिसल्या. चुन्याची फक्की मारलेली आणि तिच्यावर दगड रचलेले. आमच्या भागात फक्की दिसली की लोक प्लॉटिंगच समजतात. वर दगड मांडणाऱ्या चुलत्यांसकट मी फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. पहिलं उत्तर आलं, "काका, एक कॉर्नर आमच्यासाठी ठेवा."

मग वर चढून मी चुलत्यांना गाठलं. ते कंपनीतून निवृत्त झालेले. हातात पाण्याने भरलेली नळी, गवंडी पातळी बघायला वापरतात तशी. किती गुंठ्यांचे प्लॉट पाडताय, असं मी विचारलं. ते म्हणाले, गवत गेलं, माती धरून ठेवायला काही उरलं नाही; पाऊस आला की राख आणि माती विहिरीत जाईल. उताराच्या वळणाने एका पातळीत लावलेले दगड पाणी थोपवतील. मी ऐकून घेतलं. पण पहिली रेघ आमच्या घराच्या बाजूनेच का सुरू केली, हा प्रश्न मनात राहिला.

संध्याकाळी वडील, भावकीतल्या दुसऱ्या घरांतले दोन चुलतभाऊ आणि मी वर गेलो. दगड खाली ढकलले. चुलत्यांनी अडवलं नाही.

"रेघ बघा तरी," ते म्हणाले. "प्लॉटाची रेघ कधी अशी वाकडी अस्ती व्हय?"

कुणी पाहिलं नाही.

मेच्या अखेरीस तासभर वळीव झाला. सकाळी मोटार सुरू केली तर टाकीत काळा गाळ आला. दुपारी टँकर मागवावा लागला.

दुसऱ्या दिवशी वडील चुलत्यांकडे गेले. दगड पुन्हा रचू, म्हणाले. मात्र ही हद्द नाही, असं आधी लिहून द्या. कागद मी लिहिला. चुलत्यांनी न वाचता सही केली आणि नळी उचलली.

पहिला दगड ठेवण्याआधी, रेघ वाकडीच आहे ना, हे मी दोनदा तपासलं.