आपल्या माणसाचं कुलूप

"तुम्ही आधी हे पुसून घ्या, मग बघू," सर म्हणाले आणि पाना माझ्याबरोबर शिकणाऱ्या मंजुनाथच्या हातात दिला.

पंपाखाली तेल सांडलं होतं. मी सांडलं नव्हतं. माझ्या आधी ज्याचा नंबर होता त्याच्या हातून सांडलं. तो बाजूला झाला, माझा नंबर आला, आणि सरांनी मला कोपऱ्यातला बोळा दाखवला. हसून म्हणाले, "तुमच्या हाताला सवय आहे."

मी पुसलं. गुडघ्यांवर बसून पुसलं. उठले तोवर सगळे पुढच्या खोलीत, जनरेटरपाशी.

बेंगळुरूतल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमधली गोष्ट. जुनी नाही. मी हेब्बाळच्या टेक पार्कात हाउसकीपिंगला होते. कंपनीने आमच्यातल्या काही जणांना इमारतीची यंत्रं सांभाळायच्या सुरुवातीच्या ट्रेनिंगला पाठवलं. पंप, बॉयलर, जनरेटर, एसीचा चिलर. पास झालं की टेक्निशियन. झाडू सुटणार. पंचेचाळिशीत एवढीच वाट उघडली होती, दुसरी उघडणार नव्हती. आणि पास व्हायचं तर प्रत्येक यंत्रावर आपल्या हाताने काम करून दाखवायचं. नुसतं बघून चालत नाही. म्हणून नंबर महत्त्वाचा.

पहिल्या दिवशी सर माझ्यावर खूश होते. पुण्याचे. मोठ्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. माझं हिंदी ऐकून त्यांनी ओळखलं. "मराठी का? वा. इथे आपली भाषा कानावर पडत नाही हो." सुट्टीत माझ्यासाठी चहा घेऊन आले. गाव कुठलं? सोलापूर. सोलापुरात कुठे? मी वस्तीचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "हजेरीत नुसतं वडिलांचं नाव दिसतंय. आडनाव काय म्हणालात?"

मी म्हणाले नव्हतेच. तेव्हा सांगितलं.

"अच्छा," सर म्हणाले. लांबलचक. मग कोणाचा तरी फोन आला त्यांना. आला असेलही.

त्या दिवसापासून माझा नंबर हुकायला लागला. कधी वेळ संपली. कधी "मुलांचं आधी होऊ द्या." कधी बोळा.

सिद्ध काय करणार? बाई म्हणून असेल. झाडूवाली म्हणून असेल. आडनावामुळे असेल. एक कारण धरायला जावं तर माणूस दुसऱ्यात शिरतो, आणि वर विचारतो, "तुमच्या मनात असं आलंच कसं?" म्हणून मी बोलत नव्हते. नुसती बघत होते. कोणाकडे बघून हसतात, कोणाच्या हातातून पाना घेतात, माझ्या हातातून का घेत नाहीत, टेबलावर ठेवायला का सांगतात. रात्री घरी वाटायचं, मलाच रोग झालाय संशयाचा.

खरं सांगायचं तर हा संशय इथला नाही. मी तो बरोबर आणलाय. या शहरात कन्नड माणसाला माझ्या आडनावावरून काही कळत नाही. माझी जात इथे फक्त मराठीत कळते. म्हणून मी मराठी माणूस दिसला की रस्ता बदलत आले. एचएसआर लेआउटमध्ये घरकामाला होते तेव्हा एक मराठी बाई गोड बोलायला लागल्या, मी ते काम सोडलं. मुलीला दारात मराठी बोलू दिलं नाही. "कन्नडमध्ये बोल, इथली वाटशील." ती आज माझ्याशीही कन्नडमध्ये बोलते. माझ्या आईशी फोनवर तिला चार वाक्यं जोडता येत नाहीत. आई विचारते, पोरगी मुकी झाली काय ग? हे माझ्या हातून झालं. सरांनी नाही केलं.

पुढच्या आठवड्यात कुलपाचा धडा आला. यंत्रात हात घालण्याआधी त्याची वीज तोडायची आणि बटणाच्या खटक्यावर स्वतःचं कुलूप लावायचं. त्यावर आपलं नाव. किल्ली आपल्या खिशात. चार माणसं काम करणार तर चार कुलपं. जो लावेल तोच काढेल, मालक आला तरी दुसऱ्याने काढायचं नाही. आणि कुलूप लावल्यावरही एकदा चालू करून बघायचं. सर म्हणाले, "मोटर बंद दिसते म्हणून बंद आहे असं समजू नका. विश्वास ठेवणारा माणूस या धंद्यात मरतो."

मी ते ऐकलं आणि मला आतून निवल्यासारखं वाटलं. म्हणजे ज्याला मी माझा रोग म्हणत होते तो इथे नियम होता.

लाल कुलपं वाटली. मला नाही. "मागवलीत," सर म्हणाले, "तुम्हाला आज यंत्रात हात घालायचा नाहीये."

दुपारी सांडपाण्याच्या टाकीवर नेलं. टाकी उपसलेली, तळाला गाळ. खालच्या पंपात चिंध्या अडकल्या होत्या. मंजुनाथने वर खटका पाडला, आपलं कुलूप लावलं. मग सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, माझ्यावर थांबवली. मराठीत म्हणाले, "तुम्ही उतरा."

चिलरला माझा नंबर नव्हता. जनरेटरला नव्हता. इथे पहिला होता.

"माझं कुलूप द्या," मी म्हणाले.

"मंजुनाथचं आहे ना."

"ते त्याचं आहे. तो चहाला गेला, काढून गेला, तर मी खाली."

"अहो, एवढा अविश्वास? आपल्या माणसावर?"

"तुम्हीच शिकवलंत."

सर हसले. मग माझ्याजवळ सरकले आणि हळू, अगदी घरातल्यासारखं म्हणाले, "तुमच्या लोकांचं हेच. वर काढायला जावं तर कायदा दाखवता. ही कामं तुम्ही नाही करायची तर कोणी करायची?"

झालं. इतके दिवस ज्याचा वास येत होता ते बाहेर पडलं. पण मराठीत. आजूबाजूला सगळे उभे, आणि ऐकलं फक्त मी. त्यांना वाटलं, इथे मराठी म्हणजे बंद खोली.

मंजुनाथने विचारलं, "अक्का, सर एन् हेळिद्रु?" सर काय म्हणाले?

"काही नाही, चला," सर हिंदीत म्हणाले.

मी सांगितलं. कन्नडमध्ये, मग हिंदीत. शब्दाला शब्द. शेवटपर्यंत सांगितलं.

"तुमचे लोक म्हणजे कुठले?" मंजुनाथने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"आम्ही बौद्ध. आधीचे महार. आमच्या माणसांनी उतरायचं असतं, असं सर म्हणतात."

बेंगळुरूत आल्यापासून हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले. सर म्हणाले, "गैरसमज करून घेताय." मी उतरले नाही. त्या दिवशी कोणीच उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंजुनाथ डबा घेऊन दुसऱ्या टोकाला बसला. तिकडे पंखा होता. पंख्यामुळे बसला असेल. मी त्याला विचारलं नाही, आणि माफही केलं नाही.

सोमवारी ऑफिसात बोलावलंय. सर असतील, कंपनीचा माणूस असेल. चहा मागवतील. म्हणतील, सर वयाने मोठे आहेत, मिटवून टाका. मला त्यांची माफी नको. मुलीला बरोबर नेणार आहे. तिथे मी मराठीत बोलेन; तिला बोलता येत नसलं तरी समजतं, ती सगळ्यांना कन्नडमध्ये सांगेल. तिला जे कळत नाही ते आता दोन रात्री बसून समजावतेय, जातीपासून.

मला माझे हुकवलेले नंबर हवेत. पंप, बॉयलर, जनरेटर, चिलर. एकेक. माझ्या हाताने. ते मिळेपर्यंत मी ऑफिसातल्या खुर्चीवरून उठणार नाही. नापास केलंत तर का केलंत ते मोठ्याने सांगा. सगळ्यांना कळेल अशा भाषेत.