दुसरा टॉवेल

डोंगरावरच्या त्या होमस्टेमध्ये एक गृहस्थ आले होते. एकटेच, पाठीवर शाळकरी दप्तराएवढी सॅक. जेवताना ती सगळ्यांना दाखवून म्हणाले, "पाच दिवस आणि सामान एवढंच! माणसाला लागतं काय हो?"

काय लागतं ते दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं. आधी माझा साबण लागला. मग सुईदोरा, मग डोकेदुखीची गोळी. शेवटी दारात येऊन उभे राहिले, केसांतून पाणी गळतंय. "ताई, एखादा जास्तीचा टॉवेल असेल का?"

दिला. तर माझ्या फुगलेल्या बॅगेकडे बघून हसतात, "तुम्ही बायका अख्खं घर घेऊन फिरता!"

असल्या माणसांचं ओझं कमी होत नसतं, ते दुसऱ्याच्या खांद्यावर जातं, एवढंच. असा एक नमुना माझ्याही घरी आहे. माझा नवरा. तीस वर्षं प्रत्येक प्रवासाआधी "मला काही लागत नाही" म्हणतो आणि चपला घालून दारात उभा राहतो. त्याच्या गोळ्या, बनियन, टॉवेल, चष्म्याचं घर, सगळं मी भरते. म्हणून तर या वेळी हट्टाने एकटी निघाले होते.

घरी येऊन बॅग उपसली. त्या गृहस्थांनी टॉवेल परत केलाच नव्हता. मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत होते, तेवढ्यात तळाशी मी स्वतः वापरलेला, माझा टॉवेल हाताला लागला.

म्हणजे एकटीने निघतानाही मी टॉवेल दोन भरले होते. आणि भरताना हात जरासुद्धा अडखळला नव्हता.