एन्व्ही की जेलसी

लेकीच्या घरी गेले होते. गॅलरीत ती तिच्या सासूबाईंची नखं कापत बसली होती. त्यांचा सुरकुतलेला हात तिनं मांडीवर घेतला होता आणि प्रत्येक नख कापून झालं की त्यावरून हलकेच बोट फिरवून पाहत होती. मी दारातच थबकले. आत काहीतरी टोचलं.

लेक शाळेत इंग्रजी शिकवते. ती चहा करायला उठली तेव्हा तिच्यामागे स्वयंपाकघरात जाऊन मी विचारलं, "एन्व्ही आणि जेलसी एकच ना गं?"

"नाही आई. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याला हवंसं वाटतं, ती एन्व्ही. आपलं माणूस दुसरं कुणी नेईल अशी धास्ती वाटते, ती जेलसी. का गं?"

"काही नाही, असंच."

म्हणजे माझी जेलसीच. मराठीत मी 'जरा हेवा वाटला' म्हणून सोडून दिलं असतं. इंग्रजीनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

चहा घेऊन गॅलरीत आले. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही येणार म्हटल्यापासून ही नुसती गुणगुणत होती हो. एरवी आमच्याकडे कधी गात नाही."

त्यांनी मान वर केली नाही. मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली.