काटा मधोमध

मले हे लिहायचं नव्हतं. नातवानं टर्बोची गाडी घेतली, तिच्यात अजून काय काय बदलून घेतलं, आणि आता रोज विचारते, "आबा, पाणी किती गरम झालं तर नॉर्मल?" दोनदा सांगितलं. तर म्हणते, दोस्तांलेही ऐकायचं आहे, लिहूनच द्या. चार बुकं शिकलेल्या माणसाले लिहायले बसवता, शरम नाही. अशा गोष्टी रेडिएटरातल्या गाळासारख्या असतात. दिसत नाहीत, साचत राहतात, अन् एक दिवस वाट बंद करतात. घ्या मग.

*

साठ सालच्या मागंपुढंची गोष्ट. गाडी अमरावतीच्या बापूसाहेब वकिलांची, ड्रायव्हर मी. गाडी चांगली होती, हाच तिचा गुन्हा. वकिलांचे साळे मनोहरराव, त्यांचं अकोल्यात वर्कशॉप. त्यांनी लष्कराच्या भंगारातून एक चाक आणून इंजिनाले बसवलं. धुराच्या जोरावर ते फिरे आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबे. त्यालेच तुम्ही आता टर्बो म्हणता.

मनोहरराव म्हणाले, "भाऊजी, आता घोड्यासारखी पळेल."

पळाली. बडनेऱ्यापर्यंत. तिथं बॉनेटमधून वाफ सुटली.

वकील म्हणाले, "घोडा घामेजला वाटतं." मग माझ्याकडं वळून, "तू ब्रेक फार मारतोस."

*

त्या दिवसापासून वकिलांची नजर पाण्याच्या मीटरवर. एका बाजूले सी, म्हणजे थंड, एका बाजूले एच, म्हणजे गरम, मध्ये काटा. "काटा मधोमध म्हणजे नॉर्मल. पुढं गेला की थांबायचं."

मे महिन्यात वऱ्हाडात माणसाचा काटा मधोमध राहत नाही, गाडीचा कुठून राहील? मी म्हणलं, "साहेब, उन्हात, चढावर थोडा वर जातेच. उकळलं नाही तोवर चालते."

"तू वकील आहेस का?"

"नाई जी."

"मग बाजू मांडू नकोस."

*

तेल्हाऱ्याले वकिलांच्या भाचीचं लग्न होतं. काटा हलला की थांब, निंबाखाली बस, पाणी ओत, पुन्हा चल. तिकडच्या विहिरींचं पाणी खारं, तोंडात धरवत नाही. मी म्हणलं, "साहेब, हे पाणी रेडिएटरले चालत नाही."

"गाडीला कुठं जीभ आहे? ओत."

ओतलं. पोचलो तेव्हा मंडपात पत्रावळी उचलून राहिले होते. बाईसाहेब सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यांनी नवरदेव पाहिला नाही. काटा पाहिला."

*

मोझरीच्या आश्रमात दर्शनाले निघालो तर वकिलांच्या आईनं पाण्याचा तांब्या पदराखाली लपवला. मी नुसता मागं वळलो तर म्हणाल्या, "माझ्याकडं पाहू नको. देवाच्या वाटेवर आहो. गाडीनं उपास धरावा."

*

अकोल्यात जब्बारचाचा गळके रेडिएटर झाळून द्यायचे. त्यांनी आमचा उघडला तर आत पांढरा थरच थर. "मियाँ, इसमें पानी डालते हो या अचार?"

मी वकिलांले सांगितलं, रेडिएटर नवा टाका, नाहीतर ते हवेचं चाक काढा. हा चोंदलेला रेडिएटर अन् ते चाक एका गाडीत राहत नाही. मनोहररावांले राग आला. "चाकाचा दोष नाही. मीटर बिघडला असेल. मी पाहतो."

त्यांनी पाहिलं. परत येताना काटा मधोमध. चढावर मधोमध, भर दुपारी मधोमध. बाईसाहेब गाडीत पहिल्यांदा झोपल्या. वकील मले म्हणाले, "बघ, याला म्हणतात शिकलेला हात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणलं, "साहेब, गाडी अजून चालूच केली नाही. तरी काटा मधोमध आहे."

वकील म्हणाले, "म्हणजे तब्येत किती सुधारली ते पाहा."

*

मग अकोल्याच्या कोर्टाची तारीख आली. मूर्तिजापूरच्या अलीकडं मले जळका वास आला. "साहेब, थांबू द्या."

त्यांनी मीटर पाहिला. "नॉर्मल आहे. चल, कोर्ट थांबत नाही."

मूर्तिजापूर सुटलं आणि इंजिननं एकदाच कण्हल्यासारखा आवाज केला. जाम. ते पुन्हा फिरलं नाही.

अकोल्याहून मनोहरराव आले. वकील त्यांले म्हणाले, "काटा शेवटपर्यंत मधोमध होता. मग इंजिन जळालं कसं?"

मी मनोहररावांकडं पाहिलं. ते रुमालानं हात पुसून राहिले होते, अन् हाताले काही लागलंच नव्हतं.

"ड्रायव्हर लोकांचं काय सांगावं, भाऊजी," ते म्हणाले. "पाण्याशिवाय हाकली असेल."

संपलं. त्यानंतर अमरावतीत, अकोल्यात मले कोणी चावी दिली नाही. "इंजिन जाळणारा तोच ना?" पोरगी पाहायले गेलो तरी हेच पहिले. धामणगावच्या जिनिंगात रुईच्या गठाणी उचलत पाठ गेली. बापूसाहेब वारले. मरेपर्यंत त्यांच्या लेखी इंजिन मीच जाळलं होतं. आता त्यांले सांगणार तरी कोण?

*

एकदा अकोल्याले गेलो होतो, तर पाय आपोआप त्या वर्कशॉपात शिरले. मनोहरराव खुर्चीवर. मले ओळखलं. "अरे, ये ये. बस. चहा सांगतो."

त्यांच्या डोक्यावर भिंतीले खिळा, अन् खिळ्याले तो मीटर टांगलेला. गाडी कधीची भंगारात गेली होती. मीटरची नळी कापलेली, खाली लोंबकळून राहिली होती.

काटा मधोमध.

मी पाहत राहिलो. त्यांनी मान वर करून पाहिलं. मग उठले, मीटर खिळ्यावरच फिरवून त्याचं तोंड भिंतीकडं केलं, अन् पुन्हा खुर्चीवर बसले.

"साखर किती घेतोस?" मनोहरराव म्हणाले.

अजून आहेत म्हणतात, अकोल्यातच. माझी माफी मागायची राहिली आहे ती त्यांनीच. मनोहररावांनी.